फोम चांगला का लेझर, त्याआधी कुठली शीर ते विचारा

व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे पायात फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरांचा विषय निघाला की लोक थेट विचारतात, लेझर चांगलं का फोम चांगला, का सरळ ऑपरेशनच करून टाकावं. मी फोम, म्हणजे शिरेत फेसाळ औषध टोचून ती बंद करायचा उपाय, करून घेतलाय हे ओळखीत सगळ्यांना माहितीये, त्यामुळे मलाही हाच प्रश्न येतो, आणि मी उलट विचारतो की डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, झालंय का आणि त्यात नेमकी कुठली शीर खराब आहे असं लिहिलंय. बहुतेकांचं उत्तर "अरे ते रिपोर्ट वगैरे डॉक्टरांकडेच आहेत". मग काय बोलणार. कुठली शीर हे माहीत नसताना कुठला उपाय यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही, आणि फोमच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे, कारण काही पायांना फोम अगदी फिट बसतो आणि काही पायांत तोच फोम काही महिन्यांत फुकट गेल्यासारखा होतो. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू, म्हणजे लिंक पाठवून मोकळं.

आधी माझी केस. उजवा पाय. काम उभं राहण्याचं, मशीनसमोर शिफ्टभर, त्यात आईला हाच त्रास आणि दादालाही, म्हणजे घराण्यातच आहे ते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझं स्ट्रिपिंग झालेलं, म्हणजे जांघेत चिरा देऊन मांडीतली वरवरची मोठी शीर ओढून काढतात ते. पुढे बरीच वर्षं पाय झकास होता. मग हळूहळू पोटरीच्या आतल्या बाजूला परत वेड्यावाकड्या शिरा दिसायला लागल्या, संध्याकाळी पाय जड, रात्री पोटरीत गोळे, आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडत गेली आणि वर खाज. त्या खाजेवर मलमं पण झाली, एका ठिकाणी फंगल म्हणून औषध मिळालं, लावलं की तेवढ्यापुरतं बरं. पुरुषांचं एक असतं, दिवसभर फुल पँट, पाय कोणाला दिसतच नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्या मलमवाल्या डॉक्टरांना पँट गुडघ्यापर्यंत वर करून दाखवलीत का कधी?" तर नव्हती दाखवली, त्यांनीही सांगितलं नव्हतं, घोटा बघितला आणि चिठ्ठी लिहिली.

तर होतं काय ते थोडक्यात. पायातलं रक्त वर हृदयाकडे जायला दोन रस्ते, एक खोल स्नायूंमधला आणि एक कातडीखालचा वरवरचा. साधारण नव्वद टक्के रक्त खोलच्या शिरांमधून जातं, वरवरच्यांचा वाटा छोटा. दोन्हींमध्ये जागोजागी झडपा असतात ज्या रक्ताला फक्त वरच जाऊ देतात, आणि चालताना पोटरीचा स्नायू पंपासारखा दाबत राहतो. झडपा ढिल्या झाल्या की उभं राहिल्यावर रक्त उलटं खाली येतं, शिरेत प्रेशर वाढतं, शीर फुगते, फुगली की तिथली झडप अजूनच मिटेनाशी होते, आणि हे चक्र खाली खाली सरकत जातं. वर्षानुवर्षं ते प्रेशर घोट्यापाशी साठलं की रक्तातलं लोह कातडीत उतरतं आणि तपकिरी रंग येतो, कातडी कडक होते, एक्झिमा होतो, आणि शेवटची पायरी म्हणजे न भरणारी जखम. डॉक्टर लोक याला सी० ते सी६ अशा पायऱ्या देतात, नुसत्या बारीक जाळीदार शिरा म्हणजे सी१, फुगलेल्या शिरा सी२, सूज सी३, कातडीतले बदल सी४, भरून आलेली जखम सी५ आणि उघडी जखम सी६. मी सी४ मध्ये होतो. हे ऐकल्यावर पहिल्यांदा जरा गांभीर्य आलं, कारण तोपर्यंत हा विषय माझ्या डोक्यात "पाय कसा दिसतो" एवढाच होता.

ज्या व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जन मॅडमकडे गेलो त्यांनी पाय बघायच्या आधीच डॉपलर करायला सांगितलं, आणि ते उभं राहून. हे लक्षात ठेवा, शिरांचं डॉपलर नुसतं झोपवून उरकलं असेल तर विचारा का म्हणून, कारण झोपल्यावर उलटं येणारं रक्त नीट दिसतच नाही. उभं करतात, ज्या पायाची तपासणी आहे त्यावर वजन टाकू देत नाहीत, पोटरी हाताने दाबून सोडतात आणि स्क्रीनवर बघतात की रक्त किती वेळ उलटं वाहतंय. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उलटं वाहिलं तर ती शीर गळकी. सोबत खोलच्या शिरा मोकळ्या आहेत ना, जुनी गुठळी वगैरे नाही ना हेही बघतात, ते तर फारच महत्त्वाचं, कारण खोलचा रस्ताच बंद असेल तर वरचा बंद करून कसं चालेल. मॅडमनी मग स्केचपेनने पायावरच नकाशा काढला, कुठून गळती शिरते, कुठे फाटे फुटतात, सगळं.

माझ्यात निघालं असं की मांडीतली मोठी शीर तर आधीच काढलेली, पण जांघेत जुन्या ऑपरेशनच्या जागी बारीक बारीक नवीन शिरांचं जाळं तयार झालेलं आणि त्यातून रक्त खालच्या फाट्यांमध्ये उतरतंय, शिवाय पोटरीत एक परफोरेटर गळका, म्हणजे खोलच्या आणि वरच्या शिरांना जोडणारी आडवी शीर. आता इथे लेझरचं काय होतं बघा. लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीमध्ये शिरेच्या आतून एक लांब वायर किंवा कॅथेटर सरकवावं लागतं आणि उष्णतेने शीर आतून भाजून बंद करतात. सरळ लांब शीर असेल तर हे उत्तम. पण माझ्या शिरा नागमोडी, त्यात वायर जाणार कशी. परत जांघेत चिरा द्यायचा तर जुन्या ऑपरेशनच्या चिकटलेल्या जागेत शिरायचं, ते कोणालाच नको असतं. फोम मात्र वळणं घेत जातो, जिथे शीर नेईल तिथे जातो. म्हणून मला फोम.

आणि दादाचं बघा, तोच बाप तीच आई, पण त्याची मांडीतली मोठी शीर जांघेपासून गुडघ्यापर्यंत सरळसोट आणि चांगली जाड, आधी काहीच ऑपरेशन नाही. त्याला त्याच मॅडमनी लेझर सांगितलं. दादा म्हणे मला पण फोमच करा, त्यात भाजाभाजी नाही. त्यांनी सरळ सांगितलं की करता येईल पण एवढ्या जाड शिरेत फोमनंतर शीर परत उघडायचा चान्स जास्त, मग तुम्हीच परत याल. मला हे आवडलं. दोन भाऊ, दोन शिरा, दोन उपाय.

आता फोम म्हणजे नेमकं काय. शिरेत औषध टोचून ती बंद करायची कल्पना जुनी आहे, आधी पातळ औषधच द्यायचे. सध्या जी औषधं जास्त वापरतात ती दोन, पोलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. दोन्ही डिटर्जंट जातीची आहेत, शिरेच्या आतल्या पेशींचं जे अस्तर असतं त्याचा पापुद्रा ती विरघळवतात, मग आतली भिंत उघडी पडते, शीर आकसते, चिकटते आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर तिचा तंतूसारखा धागा करून टाकतं. पोलिडोकॅनॉलची गंमत अशी की १९३० च्या दशकात ते मुळात जागा बधिर करायचं औषध म्हणून बनवलेलं, त्यामुळे टोचताना त्याची आग तशी कमी होते.

पातळ औषधाचा प्रॉब्लेम असा की मोठ्या शिरेत गेलं की ते रक्तात मिसळतं, पातळ होतं आणि वाहून जातं, भिंतीला लागतंच कुठे. शिवाय रक्तातली प्रथिनं त्याला निकामी करतात ते वेगळंच. फेस केला की तो रक्ताला पुढे ढकलतो आणि शीर स्वतः भरून टाकतो, म्हणजे कमी औषधात भिंतीला जास्त वेळ आणि जास्त जागेवर स्पर्श. वर सोनोग्राफीत फेस पांढराशुभ्र चमकतो, त्यामुळे डॉक्टरला तो कुठपर्यंत पोचला हे लाइव्ह दिसतं. १९४४ मध्ये ऑर्बाक नावाच्या डॉक्टरांनी औषधाच्या पुढे थोडी हवा सोडायची युक्ती सांगितली होती, १९९० च्या दशकात स्पेनच्या कॅब्रेरा यांनी बारीक बुडबुड्यांचा फोम मोठ्या शिरांसाठी वापरून दाखवला, आणि मग २००० च्या आसपास इटलीच्या तेस्सारी यांनी ते इतकं सोपं केलं की कुठल्याही क्लिनिकमध्ये होऊ शकेल. दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांचा छोटा कॉक, एका सिरिंजमध्ये एक भाग औषध आणि दुसरीत साधारण चार भाग हवा, आणि इकडून तिकडे वीसेक वेळा जोरात दाबायचं. झाला फोम तयार. माझ्यासमोरच बनवला, खटखट खटखट आवाज येतो आणि बघता बघता पाण्यासारखं औषध दाट पांढरं होतं. हा फेस फार टिकत नाही, एकदोन मिनिटांत परत सुटायला लागतो, म्हणून बनवला की लगेच टोचायचा, सुया आधीच शिरांत लावून ठेवलेल्या असतात. आता कंपनीचा तयार फोमही मिळतो, व्हॅरिथेना नावाचा, त्याला अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये मान्यता दिली, त्यात साध्या हवेऐवजी ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड असतो, हे वायू रक्तात लवकर विरघळतात. मला हाताने बनवलेलाच दिला.

प्रोसिजर म्हणाल तर खरंच किरकोळ. भूल नाही, चिरा नाही, टाके नाहीत. आडवं झोपवलं, सोनोग्राफीचा प्रोब लावून बारीक सुया शिरांत घातल्या, त्या टोचतात तेवढंच. पाय वर उचलून धरला म्हणजे शिरा रिकाम्या होतात, मग फोम सोडला. फोम जाताना थोडं गार थोडं जळजळल्यासारखं वाटतं आणि पाठोपाठ शीर आखडते तेव्हा पोटरीत ओढ बसते, आणि स्क्रीनवर काळ्या शिरेत पांढरं पसरत जाताना दिसतं. प्रत्येक वेळी फोम सोडला की मॅडम म्हणायच्या, पाऊल वर खाली करा, परत करा, अजून करा. मी विचारलं हा व्यायाम आत्ता कशाला, तर म्हणाल्या की चुकून फोम खोलच्या शिरेत गेला तर पोटरीचा पंप तो तिथून झटकन धुऊन काढतो. एका बैठकीत एकूण किती फोम द्यायचा यालाही मर्यादा असते, साधारण १० मिलीच्या आत ठेवतात, त्यामुळे जास्त शिरा असतील तर काम दोन-तीन बैठकांत वाटून करतात. माझं पण एका वेळेत झालं नाही, आणि हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेलं.

नंतर शिरांवर कापसाचे पॅड, त्यावर पट्टी, त्यावर मांडीपर्यंतचा कॉम्प्रेशन मोजा, आणि लगेच चला. म्हणजे अक्षरशः टेबलावरून उतरून कॉरिडॉरमध्ये अर्धा तास फेऱ्या मारायला लावल्या. झोपून राहायचं नाही हा यातला सगळ्यात कडक नियम, घरी गेल्यावरही रोज चालायचं, लांबचा विमानप्रवास आणि तासन्‌तास बसून राहणं काही आठवडे टाळायचं, कडक गरम पाण्याची आंघोळ सुरुवातीला नको. मोजे किती दिवस घालायचे यावर मात्र प्रत्येक डॉक्टरचं वेगळं, कोणी काही दिवस म्हणतं कोणी काही आठवडे, यावर एकमत नाहीये. मला सांगितले तेवढे घातले. मोजा सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचा, पाय सुजायच्या आत. रबरी हातमोजे घालून चढवला तर पकड बसते आणि मोजा फाटत नाही, ही टीप मला नर्सने दिली आणि तिचे उपकार आहेत. पहिल्या दिवशी मी आणि बायको मिळून त्या मोज्याशी जी कुस्ती खेळलो ती सांगण्यासारखी नाही.

आता तो भाग जो जाहिरातींमध्ये नसतो. फोमनंतर पाय आधी वाईट दिसतो मग चांगला. पट्टी काढली तेव्हा शिरा गायब वगैरे काही झालेल्या नव्हत्या, उलट जिथे मऊ फुगीर शीर होती तिथे आता कडक दोरी हाताला लागत होती, दाबलं की दुखत होतं, वरची कातडी लालसर आणि बाजूला निळं-पिवळं. बायको घाबरली, मला पण वाटलं गुठळी झाली की काय. फॉलोअपला मॅडमनी परत डॉपलर केलं आणि म्हणाल्या हेच तर हवं होतं, शीर बंद झालीये, आत जुनं रक्त अडकलंय, ते शरीर हळूहळू शोषून घेईल. दोन जागी गाठ जास्तच ठणकत होती तिथे सुईने टोचून ते अडकलेलं रक्त बाहेर काढलं, काळपट दाट निघालं, आणि तिथला ठणका त्याच दिवशी निम्म्याने उतरला. असं रक्त काढल्याने पुढे डागही कमी पडतो म्हणे. तर फॉलोअप टाळू नका, पैसे वाचवायला तर अजिबात नाही, फोमचं अर्धं काम फॉलोअपला होतं.

डागाचं पण सांगतो. शिरेच्या वाटेवर तपकिरी पट्टा उमटतो, सगळ्यांना नाही पण बऱ्याच जणांना, कारण तेच रक्तातलं लोह कातडीत उतरतं. तो जायला महिने लागतात, काहींना वर्ष, आणि थोड्यांचा राहतोच. माझा बराच फिकट झालाय, पूर्ण गेला नाही. ज्यांना पाय सुंदर दिसावा एवढ्याच कारणासाठी फोम करायचाय त्यांनी हे नीट ऐकून मग ठरवावं, कारण निळी शीर गेली आणि तपकिरी पट्टा आला असं झालं तर तुम्हीच चिडणार. काहींना टोचलेल्या जागेच्या आजूबाजूला लाल बारीक केशवाहिन्यांचं नवीन जाळं पण उमटतं, ते बरेचदा आपोआप जातं. मला नाही झालं.

धोक्यांचं बोलायचं तर मी उगाच घाबरवणार नाही आणि लपवणारही नाही. काही लोकांना फोम दिल्यावर थोडा वेळ डोळ्यासमोर चमकल्यासारखं होतं, मायग्रेनच्या आधी होतं तसं, किंवा छातीत जड वाटून खोकला येतो, बहुतेक वेळा थोड्या वेळात जातं. ज्यांना आधीपासून मायग्रेन आहे, खास करून डोळ्यासमोर चमकणारा, त्यांनी आधीच सांगायचं. याचं एक कारण असं धरतात की साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात जन्मापासूनचं एक छोटं भोक पूर्ण मिटलेलं नसतं आणि त्यातून बुडबुडे डाव्या बाजूला जाऊ शकतात. बहुतेकांना त्याने आयुष्यात काही होत नाही म्हणून फोमआधी सरसकट सगळ्यांची हृदयाची तपासणी करत नाहीत, पण ज्यांना असं भोक आहे हे माहितीच आहे किंवा आधीच्या फोमला मेंदूची काही लक्षणं आली होती त्यांनी ते लपवू नये. खोलच्या शिरेत गुठळी होणं कमी दिसतं, पक्षाघात किंवा जबर ॲलर्जी फारच कमी, पण होऊ शकतं, म्हणून संमतीपत्र नुसतं सही करून देऊ नका, वाचा. औषध शिरेऐवजी धमनीत किंवा कातडीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते, म्हणून मोठ्या शिरांचा फोम सोनोग्राफी न लावता नुसता अंदाजाने टोचणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही. गरोदरपणात हे करत नाहीत, त्यातल्या बऱ्याच शिरा बाळंतपणानंतर स्वतःच बसतात. पायात नुकतीच गुठळी झालेली असेल, या औषधाची ॲलर्जी असेल, पायाच्या धमन्यांचं रक्त फार कमी असेल किंवा माणूस चालूच शकत नसेल, तर नाही. आणि नंतर अख्खी पोटरी सुजून टणक झाली, दम लागला, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता लगेच हॉस्पिटल.

बरं, टिकतं का. इथे मला फोमची बाजू घ्यावीशी वाटते पण आकडे जे आहेत ते आहेत. ब्रिटनमध्ये क्लास नावाची मोठी ट्रायल झाली, ७९८ पेशंट, फोम, लेझर आणि ऑपरेशन अशी तुलना. २०१४ मध्ये सहा महिन्यांचे निकाल आले आणि २०१९ मध्ये पाच वर्षांचे. तिन्हींनी लोकांना बरं वाटलं, पण पाच वर्षांनी पायांच्या त्रासाच्या हिशोबात लेझर आणि ऑपरेशनवाले फोमवाल्यांपेक्षा पुढे होते. तिथे उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाईस या संस्थेने २०१३ मध्येच क्रम लावून दिलाय, आधी लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, ते बसत नसेल तर सोनोग्राफीखाली फोम, तेही बसत नसेल तर ऑपरेशन. म्हणजे जो डॉक्टर मांडीतल्या सरळ जाड शिरेसाठी पहिल्या झटक्यात फोमच म्हणतो त्याला कारण विचारायला हरकत नाही. कधीकधी कारण पटण्यासारखं असतं, वय जास्त, इतर आजार, रक्त पातळ करायची औषधं चालू, त्यात फोम हा सगळ्यात हलका उपाय आहे आणि परत करायचा झाला तरी सोपा आहे. आणि कधीकधी कारण एवढंच असतं की त्यांच्याकडे लेझर मशीनच नाहीये.

पण याच आकड्यांची दुसरी बाजू पण आहे. त्या क्रमात फोम दुसरा आहे तो नवीन, सरळ शिरांच्या पायांसाठी. माझ्यासारखे ऑपरेशननंतर परत आलेले नागमोडी फाटे, गळके परफोरेटर, जखमेच्या खालचं शिरांचं जाळं, इथे फोमच्या जवळपास येणारं फार काही नाही, उष्णता लागत नाही त्यामुळे घोट्याजवळच्या मज्जातंतूंना चटका बसायची भीती नाही, आणि जखम असलेल्या कातडीला चिराही द्यावा लागत नाही. जखमवाल्यांसाठी तर एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०१८ मध्ये ईव्हीआरए नावाची ४५० पेशंटची ट्रायल आली, त्यात पायावर शिरांची जखम असणाऱ्यांपैकी अर्ध्यांना लगेच शिरांचा उपाय केला, त्यात फोमही होता, आणि बाकीच्यांना आधी नुसत्या पट्ट्या बांधून जखम भरायची वाट बघितली. लगेच उपाय केलेल्यांची जखम मध्यक हिशोबाने ५६ दिवसांत भरली, वाट बघणाऱ्यांची ८२ दिवसांत. तर घरात कोणाची घोट्यावरची जखम महिनोन्‌महिने ड्रेसिंगवर चालू असेल आणि शिरांचं डॉपलरच झालेलं नसेल, तर कृपा करून ते आधी करा, आधी जखम भरू दे मग शिरांचं बघू या क्रमात वेळ जातो.

अजून एक प्रकार दिसतो त्यावर बोलतो आणि आवरतो. आमच्या कामावरच्या एकाने पोटरीवर दिसणाऱ्या तेवढ्या शिरांना फोम मारून घेतला, वर मांडीतली मोठी शीर जांघेपासून गळकी, तिला हातच लावला नाही. सुरुवातीला एकदम भारी, फोटो वगैरे दाखवत होता. वर्षाच्या आत परत तिथेच, शेजारच्या शिरा फुगल्या. आता वरचा नळ चालू ठेवून खाली फरशी पुसत बसलं तर दुसरं काय होणार. दोष फोमचा नाही त्यात, तो पुसायचं काम करून गेला. पण तो पठ्ठ्या आता सगळ्यांना सांगत फिरतो की फोम बोगस आहे.

क्रीम, तेल, गोळ्या याबद्दल पण विचारतात. ढिली झालेली झडप कुठल्याही क्रीमने घट्ट होत नाही. खाज आणि कोरडेपणासाठी मॉइश्चरायझर लावा, मी अजूनही लावतो. मोजे त्रास कमी करतात, सूज उतरवतात, पण घालाल तोपर्यंतच. आणि पायाच्या धमन्यांचा आजार असेल तर घट्ट मोजे स्वतःच्या मनाने घालू नका, आधी घोट्यापाशी रक्तदाब मोजून घेतात.

माझं आत्ताचं स्टेटस म्हणाल तर गोळे यायचे थांबलेत, संध्याकाळचा जडपणा बराच गेला, खाज नाही, घोट्याची तपकिरी कातडी मऊ पडलीये पण रंग तसाच आहे, तो बहुतेक राहील असं मॅडम आधीच म्हणालेल्या. शेवटच्या डॉपलरला एक छोटा फाटा परत उघडलेला दिसला, त्याला थोडा फोम परत दिला, तेही ठरलेल्यातच होतं. शिफ्टला अजून मोजे घालूनच उभा राहतो, आणि मध्ये मध्ये टाचा वर-खाली करत राहतो, सुपरवायझरला वाटतं मी कंटाळलोय. डाव्या पायाचंही डॉपलर करून घेतलं, मोठ्या शिरा सगळ्या ठीक, मांडीवर थोड्या निळ्या बारीक जाळीदार शिरा आहेत त्या सी१. त्यांना पातळ औषधाने घालवता येतं पण दुखत नाहीत, कोणाला दिसत नाहीत, आणि मला परत त्या मोज्याशी कुस्ती खेळायची नाही, त्यामुळे त्या आहेत तिथेच राहणार.